कार्यालयीन कामकाजातील नकळत होणारा दुजाभाव

शासकीय कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक नागरिकास समान वागणूक मिळावी, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि जाणूनबुजून भेदभाव न करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनातही काही समज घर करून असतात. नीटनेटक्या पोशाखातील, सफाईने बोलणारा अर्जदार विश्वासार्ह वाटतो. अडखळत बोलणारा अजाण वाटतो. त्याचे म्हणणे ऐकून घेण्यापूर्वीच मनाचा कौल ठरलेला असतो. यालाच नकळत झालेला पूर्वग्रह म्हणतात.

बालाघाट जिल्ह्यातील बैहर भागात गोंड व बैगा समाजांची मोठी वस्ती आहे. बैगा लोक पूर्वी 'बेवर' पद्धतीने, म्हणजे झाडेझुडपे तोडून, जाळून त्या राखेत बी टाकून शेती करीत. नांगराने धरतीमातेच्या छातीवर घाव घालू नये, अशी त्यांची श्रद्धा होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांपैकी अनेकांनी त्यात केवळ आळस व उधळपट्टी पाहिली, बेवरीवर निर्बंध घातले आणि १८९० साली मंडला भागातील 'बैगा चक' या मर्यादित क्षेत्रापुरती तिला मुभा ठेवली. आपल्याहून निराळे ते सदोष, हा समज धोरण बनला की त्याचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या भोगावे लागतात.

शाळाही यास अपवाद नाही. रेमा हन्ना व ली लिंडेन यांनी भारतात केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरपत्रिकांवर जातीची नोंद केवळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करण्यात आली होती. ज्यांवर कनिष्ठ मानलेल्या जातीची नोंद होती, त्यांना किंचित कमी गुण मिळाले. आणि हा फरक मुख्यतः त्याच जातींतील शिक्षकांच्या तपासणीत दिसला. आपण कोणत्या समाजाचे आहोत, यावरून कोणीही स्वतःला पूर्वग्रहमुक्त समजू नये.

केवळ सद्‌भावना येथे पुरेशी पडत नाही. कामाची पद्धत बदलावी लागते. उत्तरपत्रिका नावाऐवजी क्रमांकाने तपासाव्यात. नोकरभरतीच्या मुलाखतीत सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत व गुण लगेच नोंदवावेत. अर्जदाराची भाषा येत नसेल तर ती जाणणाऱ्या व्यक्तीस बोलवावे. त्याच्या मौनाचा अर्थ संमती किंवा अज्ञान असा लावू नये.

वनहक्क अधिनियम, २००६ खालील नियमांत याच दृष्टीने महत्त्वाची तरतूद आहे. दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य आहे. तसेच उपविभागीय व जिल्हास्तरीय समित्यांनी ग्रामसभेची शिफारस फेटाळताना कारणे नमूद केलेला आदेश देणे आवश्यक आहे. कागद नाही म्हणून हक्कच नाही, असे मानणे हा देखील पूर्वग्रहच होय.

नकार लिहिण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हेच कागदपत्र घेऊन दुसरी व्यक्ती समोर उभी असती, तर माझा निर्णय हाच झाला असता काय? उत्तर देताना मन कचरले, तर अर्ज पुन्हा वाचावा.