दोन जाळ्यांमधला दुवा

वडनेर भोलजीहून खामगावला पत्र पाठवायचे असेल, तर टपालाची छाटणी करणाऱ्याला खामगाव माहीत असावे लागत नाही. तो पिनकोड पाहतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिले तीन अंक छाटणीचा विभाग सांगतात, उरलेले तीन त्यातले टपाल कार्यालय. आता गंमत पाहा. बुलढाण्याचा पिन ४४३००१ आहे आणि त्याच जिल्ह्यातल्या खामगावचा ४४४३०३. महसुली जिल्हा एक, टपालाचे विभाग मात्र दोन.

संगणकांच्या जाळ्यात असेच असते. शेजारच्या टेबलावरचा संगणकही आकड्यांच्या हिशेबाने परगावचा ठरू शकतो.

वडनेर भोलजीतल्या एखाद्या शाळेची कल्पना करू. प्रयोगशाळेतल्या संगणकांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, कार्यालयातल्यांचे १९२.१६८.२ ने. (१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून ते कोणत्याही शाळेने बिनदिक्कत वापरावेत.) पत्त्यासोबत प्रत्येक संगणकाला एक ‘मास्क’ दिलेला असतो : २५५.२५५.२५५.०. पत्त्याचे पहिले तीन भाग जाळ्याचे आणि शेवटचा त्यातल्या संगणकाचा, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या जाळ्याची अशी उपजाळी, म्हणजे सबनेट, पाडण्याची रीत १९८५ मध्ये इंटरनेटच्या मानकांत आली.

प्रयोगशाळेतल्या १९२.१६८.१.२५ ला कार्यालयाच्या जाळ्यातल्या १९२.१६८.२.४० वर ठेवलेला पाठ हवा आहे. तो मास्क लावून पाहतो. पहिले तीन भाग जुळत नाहीत. मग तो त्या संगणकाला शोधतच नाही. आपली माहितीची पुडी तो ‘गेटवे’ म्हणून नेमून दिलेल्या संगणकाच्या हाती देतो. पुडीवरचा अंतिम पत्ता तोच राहतो, फक्त या टप्प्यापुरते बाहेरचे वेष्टन गेटवेच्या नावाचे असते. गेटवे ते काढतो आणि पुढच्या टप्प्याचे चढवतो.

हे काम करायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एनएसएफनेट या जाळ्याच्या पहिल्या कण्यावर डेव्हिड मिल्स यांची प्रणाली चालवणारे छोटे संगणकच राउटर होते. आपल्याला जुना संगणक, लिनक्स आणि दोन नेटवर्क कार्डे पुरतात. एका कार्डाची केबल प्रयोगशाळेच्या स्विचला जोडून त्याला १९२.१६८.१.१ हा पत्ता द्यायचा. दुसऱ्याची कार्यालयाच्या स्विचला, पत्ता १९२.१६८.२.१. प्रयोगशाळेतल्या सर्व संगणकांवर गेटवे म्हणून १९२.१६८.१.१ लिहायचे.

एवढे करूनही काही होत नाही. दुसऱ्याच्या नावाची पुडी आली तर लिनक्स ती मुकाट्याने टाकून देतो. त्याच्या ‘आयपी फॉरवर्ड’ नावाच्या नोंदीत मुळात ० असतो, तो १ करावा लागतो. हा बदल सेटिंगच्या फायलीतही लिहावा, नाहीतर वीज जाऊन आली की पुन्हा शून्य! आपल्याकडच्या भारनियमनात हे विसरून चालणार नाही.

आता खरी मेख. आमची सर्वांत जास्त वेळ खाल्ली ती परतीच्या वाटेने. समजा, ब्रॉडबँडची पेटी कार्यालयाच्या जाळ्यात १९२.१६८.२.२५४ वर आहे आणि तिथल्या संगणकांचा गेटवे तीच आहे. प्रयोगशाळेतून निघालेली पुडी ४० क्रमांकाच्या संगणकापर्यंत नीट पोहोचते. त्याचे उत्तर मात्र ब्रॉडबँडच्या पेटीकडे जाते. १९२.१६८.१ हे जाळे कुठे आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नाही, म्हणून ती ते बाहेर लोटते आणि उत्तर हरवते. माणूस मात्र जाण्याची वाट तपासत बसतो! उपाय एका ओळीचा आहे. पेटीच्या मार्गांच्या तक्त्यात लिहायचे : १९२.१६८.१.० या जाळ्यासाठी १९२.१६८.२.१ कडे द्या. आपल्या सर्व्हरचा स्वतःचा गेटवे १९२.१६८.२.२५४ ठेवायचा, प्रयोगशाळेच्या कार्डापुढे ती जागा रिकामी सोडायची.

तपासणीसाठी ‘पिंग’ ही आज्ञा आहे. विंडोजची संरक्षक भिंत दुसऱ्या उपजाळ्यातून आलेल्या पिंगला बहुधा दाद देत नाही, तेव्हा उत्तर आले नाही म्हणून लगेच केबल उपटू नये. पिंगच्या उत्तरात ‘टीटीएल’ असा एक आकडा दिसतो. लिनक्सच्या संगणकाचे उत्तर ६४ ने सुरू होते आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्यावर आला की पुडी नष्ट होते. चुकलेली पुडी जाळ्यात कायमची गरगरत राहू नये, यासाठी ही सोय. विद्यार्थ्यांना आधी शेजारच्या लिनक्स संगणकाला पिंग करू द्या : ६४. मग पलीकडच्या जाळ्यातल्याला : ६३. मधला संगणक डोळ्यांना न दिसताही त्याने केलेली वजाबाकी दिसते.

मात्र त्या शून्याचा एक केल्या क्षणापासून प्रयोगशाळेतला प्रत्येक विद्यार्थी कार्यालयाच्या दारात उभा असतो, आणि तिथे गुणपत्रिका आहेत, दाखले आहेत. जाळी वेगळी ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली, हा समज आम्हांला अनेक ठिकाणी आढळला. राउटर वाट दाखवतो. कोणाला अडवायचे ते त्याला सांगावे लागते. म्हणून त्याच सर्व्हरवर फायरवॉलचे नियम लिहावेत : प्रयोगशाळेतून कार्यालयाच्या जाळ्यात फक्त पाठांच्या ४० क्रमांकाच्या संगणकाकडे, तेही वेबपानांपुरतेच जाऊ द्यावे, आधी सुरू झालेल्या संभाषणाची उत्तरे दोन्ही दिशांनी येऊ द्यावीत, बाकीच्या कार्यालयीन संगणकांकडे जाणारे सारे अडवावे. तपासताना प्रयोगशाळेतून मुद्दाम कार्यालयाच्या एखाद्या संगणकावरील फाईल उघडून पाहावी. ती उघडली, तर नियमांचा क्रम चुकला आहे.