जुना ट्रॅक्टर घेताना

कंधारकडे घरी कोणी जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाले, तर तुम्हीही बरोबर जा. आधी इंजिनाजवळ हात नेऊन पाहा. ते गरम असेल, तर पूर्ण निवू द्या. दोष थंडपणीच उघडे पडतात! डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून सुमारे सतरावा हिस्सा केली, की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते व फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रिंगा झिजल्या असतील, तर हवा निसटते, तापमान पुरेसे चढत नाही. इंजिन चटकन सुरू होत नाही, पांढरा धूर सोडते. काळ्या धुराने फारसे घाबरू नका. कधी नुसती हवागाळणी तुंबलेली असते. निळसर धूर मात्र वंगणतेल जळत असल्याची खूण. तो दिसला, तर इंजिन खोलण्याचा खर्च मिस्त्रीला विचारून मगच भाव बोला.