बोंडअळी, भाकरी आणि पाण्याचा ताळेबंद

कृषी जैवतंत्रज्ञान हे पिकांच्या पेशी आणि जनुके यांच्या पातळीवर जाऊन शेतीचे प्रश्न सोडवू पाहणारे शास्त्र आहे. माती, पाणी आणि जैवविविधता पुढच्या पिढ्यांनाही पुरतील अशा रीतीने कशा वापराव्यात, याचा विचार शाश्वत संसाधन व्यवस्थापनात होतो. बराच काळ हे दोन विषय वेगवेगळ्या इमारतींत शिकवले गेले. एकाचा विद्यार्थी प्रयोगशाळेत रमला, दुसऱ्याचा शिवारात. आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर शिक्षणात दोन्ही विषय एकाच विद्यार्थ्याच्या हाती येतात आणि त्यांत अर्थशास्त्र, कायदा व आहारशास्त्र यांचीही भर पडते. अशा शिक्षणाची गरज किती खरी आहे, हे महाराष्ट्राला कपाशीने शिकवले.

बीटी कपाशीला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले की झाड स्वतःच अळीला मारक असे प्रथिन तयार करते. २००६ मध्ये दोन जनुके असलेले बियाणे आले. अळी या विषाला सरावू नये म्हणून कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावाव्यात, असा नियम होता. त्यामागचा हिशेब सोपा होता. विष पचवणारा एखादा पतंग निपजलाच, तर त्याची गाठ या ओळींत वाढलेल्या साध्या पतंगांशी पडावी आणि त्यांची संतती पुन्हा बीटीवर मरावी. ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट याचसाठी मिळत असे. बहुतेक ठिकाणी ते पाकीट बांधावरच पडून राहिले किंवा नांग्या भरायला वापरले गेले. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने अळीसाठी राखीव ओळी सोडाव्यात, ही अपेक्षा कागदावर बरोबर होती. त्याच्या घरखर्चाचा विचार मात्र ती ठरवताना झाला नव्हता.

अळी बीटीला सरावण्याचे दुसरे कारण बियाण्याच्या बाजारात दडलेले होते. चीन आणि ऑस्ट्रेलियात बीटी जनुक प्रामुख्याने सरळ वाणांत आले, भारतात ते संकरित वाणांत आले. संकरित झाडात हे जनुक एकाच पालकाकडून येते. त्यामुळे बोंडात तयार होणाऱ्या सरकीत ते विभागले जाते आणि एका जनुकाचा विचार केला तर सुमारे पाव सरकीत विष नसतेच. गुलाबी बोंडअळी तर बोंडात शिरून सरकीवरच जगते. एकाच बोंडात कुठे विष आहे, कुठे नाही, अशी स्थिती तिला मिळाली आणि सरावाला आयती संधी झाली. शिवाय तिचे पोट मुख्यतः कपाशीवरच चालते. दुसऱ्या पिकांवर साधे पतंग वाढतील, ही आशा तिच्या बाबतीत फोल होती. त्यातच पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड घेतली, कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी राहिली आणि अळीचे जीवनचक्र तुटलेच नाही.

२०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी बोंडअळी आढळल्याचे जाहीर झाले. पुढे दुसरे जनुकही निकामी ठरले. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात शेतेच्या शेते डोमकळ्यांनी, म्हणजे अळी लागून न उमललेल्या फुलांनी, भरली. त्याच हंगामात, यवतमाळ जिल्ह्यात सर्वाधिक, कीटकनाशकांच्या विषबाधेने राज्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा जीव गेला. जनुकाने आपले काम चोख केले होते. ते टिकणार की नाही, हे कीटकशास्त्र, बियाण्याचा बाजार, सिंचन आणि शेतकऱ्याचा खर्च यांनी ठरवले. हे सगळे धागे एकत्र पाहू शकणारी माणसे तयार करणे, हा या प्रशिक्षणाचा खरा हेतू आहे.

भारतात त्याची चौकट आधीपासून आहे. जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या अर्थसाहाय्यावर देशभर पदव्युत्तर अभ्यासक्रम उभे राहिले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे आहेत. लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या आराखड्यात पदव्युत्तर पदवी ७० श्रेयांकांची असते. त्यांपैकी २० मुख्य विषयाला, ८ गौण विषयाला, ६ पूरक विषयांना आणि ३० प्रबंधाला असतात. उरलेले सामायिक अभ्यासक्रम आणि चर्चासत्राचे. आंतरविद्याशाखीयतेचे दार त्या ८ श्रेयांकांत आणि सल्लागार समितीत आहे, कारण या समितीवर दुसऱ्या विषयाचा अध्यापक असतो. जैवतंत्रज्ञानाचा विद्यार्थी गौण विषय म्हणून शेजारचेच पीक प्रजनन किंवा जीवरसायन निवडतो, तेव्हा हे दार अर्धेच उघडते. त्याने मृदशास्त्र, कीटकशास्त्र किंवा कृषी अर्थशास्त्र घेतले, तर प्रबंधाचा प्रश्नच बदलून जातो.

प्रयोगशाळेतल्या कौशल्याला मात्र पर्याय नाही. केळीचे ऊतिसंवर्धन शिकताना विद्यार्थी मुनव्याचा कंद सोलत सोलत आतल्या टोकापर्यंत जातो. क्षार, साखर, जीवनसत्त्वे आणि अगार यांचे माध्यम १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेले असते. चिमटा प्रत्येक वेळी ज्योतीवर धरायचा, हात स्पिरिटने पुसायचे आणि स्वच्छ हवेच्या झोतातच बाटली उघडायची. एवढे करूनही चार दिवसांनी माध्यमावर बुरशीचा पांढरा ठिपका दिसला, तर ती बाटली गेली. जे रोप वाचते, त्याने बाटलीतल्या दमट हवेखेरीज काही पाहिलेले नसते. त्याच्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. सरळ उन्हात ठेवले तर ते तासाभरात माना टाकते. म्हणून ते आधी हरितगृहात आणि मग शेडनेटमध्ये हळूहळू कणखर केले जाते.

जळगाव जिल्ह्यात अशा रोपांनी केळीचे पीक एकसारखे आणि लवकर येणारे केले. त्याच जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाला आहे. उत्तम रोप आणि उतरती पाणीपातळी ही एकाच शिवाराची हकिकत आहे, पण एका प्रबंधात ती दोन्ही क्वचितच सापडतात.

ही उणीव पाण्याच्या ताळेबंदाने भरून काढता येते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरांच्या गावात ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४० लाख घनमीटर पाणी येते. त्यातले किती वाहून गेले, किती मातीत राहिले, पिकांनी किती घेतले आणि मुरमाच्या थरातून विहिरींना किती मिळाले, याची मांडणी विद्यार्थ्याने करायची असते. हिवरे बाजारची ग्रामसभा असाच हिशेब दरवर्षी मांडते आणि त्यावर पीक ठरवते. आयआयटी मुंबईत १९८५ पासून असलेले ‘सितारा’ केंद्र तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. देते. तिथले विद्यार्थी काही आठवडे गावात राहून काम करतात. विहिरीत दोर सोडून पातळी मोजणे आणि पंप कोण, किती वाजता चालवतो हे विचारणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या वहीत शेजारी शेजारी येतात.

विषयांची भिंत ओलांडली की काय साधते, याचे सुंदर उदाहरण बाजरीचे आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था यांनी निवड पद्धतीने लोहयुक्त ‘धनशक्ती’ हा वाण दिला. दाण्यात लोह वाढले, इथे प्रजननशास्त्रज्ञाचे काम संपते. पण ते अंगी लागते का? बाजरीतले फायटिक आम्ल लोह अडवून ठेवते, म्हणून उत्तर ताटातच शोधावे लागते. महाराष्ट्रात १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने दोन्ही जेवणांत लोहयुक्त बाजरीची भाकरी देऊन रक्त तपासण्यात आले. ज्यांच्यात आधी कमतरता होती, त्यांना स्पष्ट लाभ दिसला. बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडवट होते, ही घरातल्या बाईला ठाऊक असलेली गोष्टही अशा संशोधकाने विसरून चालत नाही. लोह कितीही असले, तरी कडू भाकरी मूल खाणार नाही.

कायदाही शिकावा लागतो. जनुक परिवर्तित पिकांचे नियम १९८९ चे आहेत, शेतकऱ्याचा बियाण्यावरचा हक्क २००१ च्या कायद्यात आहे आणि जैवविविधतेचा कायदा २००२ चा. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. २०२२ मध्ये परकीय जनुक नसलेल्या जनुक संपादित पिकांना काही नियमांतून सूट मिळाली आणि मे २०२५ मध्ये असे दोन भातवाण जाहीर झाले. कपाशीचे जे झाले ते भाताचे होऊ नये, यासाठी त्यांच्यावर शेतात नजर ठेवणारे लोक आतापासून हवेत.

या शिक्षणातली मोठी अडचण काळाची आहे. दोन वर्षांच्या पदवीत पहिले वर्ष वर्गात जाते आणि प्रयोगाला जेमतेम एक खरीप मिळतो. जूनमध्ये पाऊस दगा देऊन गेला, तर विद्यार्थ्याची आकडेवारीही कोरडीच राहते. माती आणि पाण्यातले बदल तर एका हंगामात दिसतच नाहीत. म्हणून कायमस्वरूपी प्रयोगांचे मोल मोठे आहे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे गव्हाचा एक प्रयोग १८४३ पासून त्याच जमिनीवर चालू आहे. अकोल्याच्या विद्यापीठात ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खत प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू आहे. अशा वाफ्यावर काम करणारा विद्यार्थी एका हंगामाचे मातीचे नमुने घेतो, कणसे तोलतो, आकडे नोंदवतो आणि वही पुढच्या तुकडीच्या हाती देऊन जातो.