नव्या लष्करी विमानांच्या देखभालीसाठी मनुष्यबळाचा अंदाज

नवे लढाऊ विमान सेवेत येण्यापूर्वीच त्याच्या देखभालीसाठी किती तंत्रज्ञ लागतील हे ठरवावे लागते. कारण कुशल तंत्रज्ञ घडण्यास काही वर्षे जातात. त्या वेळी विमानातील बिघाडांच्या नोंदी मात्र उपलब्ध नसतात. म्हणून तत्सम जुन्या विमानाच्या नोंदी घेऊन यंत्रणेगणिक त्यांत फेरफार केला जातो.

सर्वांत सोपी रीत भागाकाराची होय. समजा, 24 विमानांच्या तुकडीचे मासिक उड्डाण 480 तास आणि प्रत्येक उड्डाण-तासामागे देखभालीचे 15 मनुष्य-तास असतील, तर एकूण 7,200 मनुष्य-तास होतात. एका तंत्रज्ञाचे प्रत्यक्ष कामाचे मासिक 120 तास धरल्यास 60 माणसे पुरेशी वाटतात. वस्तुतः ती पुरत नाहीत. इंजिनाचा तंत्रज्ञ शस्त्रास्त्रे हाताळत नाही. अनेक कामांना एकाच वेळी दोन-तीन माणसे लागतात. शिवाय बिघाड सरासरी पाहून येत नाहीत.

यासाठी अमेरिकेत 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात रँड संस्था व हवाई दल यांनी ‘लॉजिस्टिक्स कंपोझिट मॉडेल’ ही संगणकीय प्रतिरूपण पद्धती विकसित केली. तीत उड्डाणे, यादृच्छिक बिघाड व दुरुस्त्या यांचा क्रम चालवून, माणसे कमी केल्यास किती उड्डाणे हुकतात हे पाहता येते. अर्थात, विश्वासार्हतेचे मूळ आकडेच आशावादी असल्यास उत्तरही तसेच येणार.

माणसे आणावयाची कोठून, हा प्रश्न निराळाच. 2014 मध्ये अमेरिकी हवाई दलाने ए-10 विमाने निवृत्त करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांचे अनुभवी तंत्रज्ञ एफ-35 कडे वळविणे, हाही त्यामागील एक हेतू होता. काँग्रेसने प्रस्ताव अडविला आणि ते तंत्रज्ञ ए-10 जवळच अडकून राहिले.