स्लरीतला नत्र कुठे जातो?

घोड नदीच्या अंगाला, मंचरपासून थोडं आत, एका वस्तीवर गोबरगॅसच्या टाकीला संडासही जोडलेला आहे. आत सोडायच्या कुंडीत कालवलेलं शेण हिरवट असतं, वर माश्या घोंगावतात. बाहेरच्या कुंडीत तेच काळी, पातळ स्लरी होऊन येतं. माशी नाही, वासही जेमतेम.

मधल्या टाकीत चाळीसेक दिवस जिवाणूंचं काम चालू असतं. काही जिवाणू पिष्ट, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं फोडतात. त्यातून आम्लं निघतात. नाक धरायला लावणारा वास बराचसा त्यांचाच. दुसरे जिवाणू त्या आम्लांचा मिथेन करतात. म्हणजे कर्ब गॅस होऊन चुलीवर जातो. काडीतलं लिग्निन मात्र हवेविना फारसं कुजत नाही, म्हणून स्लरीत बोटं फिरवली की बारीक तूस हाताला लागतं. या जिवाणूंना फिनेल सोसत नाही. घरातल्या बायकांनी संडासातून ते कायमचं हद्दपार केलंय.

मैल्याच्या गॅसवर मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ सालीच दिवे लागले होते. संडास-गोबरगॅस घरोघरी नेण्यासाठी आपल्याच जिल्ह्यात, देहूत, डॉ. सुहास मापुसकरांनी आयुष्य वेचलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गॅसचं कौतुक होतं, स्लरीची आबाळ होते, आणि मला याचंच वाईट वाटतं. कर्ब गेला तरी नत्र टाकीतच राहतो. प्रथिनांमधला बराच नत्र अमोनियम होतो, म्हणजे पिकाला लगेच घेता येईल असा. पण उडूनही तितक्याच लवकर जातो. स्लरी उन्हात पसरली की नाकात झिणझिण्या आणणारा तो अमोनिया म्हणजे हवेत चाललेला युरियाच. वाळलेला काळा भुगा उरतो, त्यातला जोर गेलेला असतो.

ऊस तुटला की जुन्नर-आंबेगावात कितीतरी ठिकाणी पाचट पेटवतात. या वस्तीवर ते खड्ड्यात जातं: एक थर पाचट, त्यावर स्लरी, वर माती. पाचटातल्या कर्बावर जगणारे जिवाणू नत्र धरून ठेवतात. काही दिवसांनी ढिगात लोखंडी गज खुपसून काढला, तर हातात धरवत नाही. तेवढी आच हवीच, कारण मैल्यातली जंतांची अंडी टाकीत सगळी मरत नाहीत. ढीग नीट तापून, उलटून, पुन्हा तापून निघेपर्यंत संडास जोडलेल्या टाकीची स्लरी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात घालायची नाही.