तरफेचा जमाखर्च

बोरघाटात वाहनांची रांग खोळंबली असता ज्या चालकाला पुनःपुन्हा क्लच दाबावा लागतो, त्याच्या डाव्या पायाला जाणवणारा भार पेडलापाशी उत्पन्न होत नाही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट आवळून धरणाऱ्या स्प्रिंगांचा तो भार असतो, आणि तो मनुष्याच्या आवाक्यात आणण्याची तजवीज काही आखूड तरफांनी केलेली असते.

जुन्या बांधणीत अशा तरफा बहुधा तीन. कारागीर त्यांना 'फिंगर' म्हणतात. पहारीखाली दगडाचा टेकू देऊन शिळा उचलावी, तद्वत पेडल दाबताच पुढे सरकणाऱ्या रिलीज बेअरिंगने तरफेचे आतले टोक दाबले की बाहेरचे टोक प्रेशर प्लेट मागे ओढते. समजा, टेकूपासून आतले टोक 60 मिलिमीटर आणि बाहेरचे 15 मिलिमीटर अंतरावर आहे. गुणोत्तर झाले 4. स्प्रिंगांचा एकूण दाब 480 किलो असल्यास, घर्षण वगळता, बेअरिंगला 120 किलो पुरतात. परंतु प्लेट दीड मिलिमीटर हलवण्यासाठी बेअरिंगला सहा मिलिमीटर सरकावे लागते. बलात मिळालेल्या सवलतीची पुरेपूर वसुली अंतरात होते. पेडल हलके व्हावे म्हणून गुणोत्तर 5 केले आणि बेअरिंगची चाल तेवढीच ठेवली, तर प्लेट पुरती सुटत नाही व गिअर करकरतो.

मला या हिशेबातील सर्वांत विचारणीय बाब वाटते ती झिजेची. क्लच प्लेटचे अस्तर एक मिलिमीटर झिजले की प्रेशर प्लेट तेवढीच फ्लायव्हीलकडे सरकते, पण तरफेची आतली टोके चार मिलिमीटर बेअरिंगकडे येतात. म्हणजे जे गुणोत्तर चालकाचे श्रम वाचवते, तेच झीजही चौपट करून दाखवते. बेअरिंग आणि तरफा यांच्यात राखलेली मोकळी जागा वेळीच पुन्हा साधली नाही, तर बेअरिंग तरफांवर अखंड टेकून राहते, स्प्रिंगांचा काही दाब तेथेच खर्ची पडतो, आणि चढावर इंजिन गरजत असताना गाडी मात्र रेंगाळते.

पुढे ज्या डायफ्राम स्प्रिंगचा सर्वत्र प्रसार झाला, तिचे मूळ बेलव्हिल या फ्रेंच अभियंत्याने 1867 मध्ये पेटंट घेतलेल्या शंक्वाकार चकतीत आहे. येथे स्प्रिंग आणि तरफा एकाच पोलादी चकतीत सामावल्या आहेत. चकतीच्या पाकळ्या याच तरफा. साधी गुंडाळीची स्प्रिंग दाबावी तितकी कठीण होत जाते; ही चकती विशिष्ट मर्यादेपलीकडे दाबल्यास उलट नरमते, म्हणून पेडल शेवटाकडे हलके लागते. अस्तर झिजू लागले की चकतीचा दाब प्रारंभी घटण्याऐवजी वाढतो. त्यामुळे असे वाहन चालवणाऱ्यास झिजेची पहिली वर्दी पुष्कळदा मिळते ती हळूहळू जड होत गेलेल्या पेडलाकडून.