फादर डी स्मेट आणि शंकराचार्य

शंकराचार्यांना आपण सहजपणे तत्त्वज्ञ म्हणतो. त्यांची विचारपद्धती मात्र मुळात ईश्वरविज्ञानाची आहे, असं एका बेल्जियन जेझुइट धर्मगुरूंनी रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात १९५३ साली डॉक्टरेटच्या प्रबंधातून मांडलं. त्यानंतर लवकरच ते पुण्यात तत्त्वज्ञान शिकवू लागले आणि अनेक दशकं शिकवत राहिले. फादर रिचर्ड डी स्मेट (१९१६–१९९७) हे त्यांचं नाव. कॅथलिक परंपरेत विद्वान कसा घडतो आणि ही कारकीर्द त्याच्याकडून काय मागते, हे समजून घ्यायला मराठी वाचकाला याहून जवळचं उदाहरण मिळणं कठीण.

या वाटेवर ईश्वरविज्ञानाला थेट हात घालता येत नाही. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्याला किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईश्वरविज्ञान शिकावं लागतं. विषय श्रद्धेचा असला तरी तो मांडताना तर्काची शिस्त सुटता कामा नये, हा त्यामागचा आग्रह. पुढे पदव्या तीन: बॅकलॉरिएट, लायसेन्शिएट आणि डॉक्टरेट. जेझुइटांच्या बाबतीत या सगळ्याआधी दोन वर्षांची उमेदवारी असते. त्या काळात संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली तीस दिवसांची ध्यानसाधना मौनात करायची असते. ग्रंथ हाती येण्याआधी प्रार्थनेची बैठक पक्की व्हावी, अशी ही रचना आहे.

डी स्मेट १९४६ साली भारतात आले. पुण्यात त्यांची कर्मभूमी ठरली ती नगर रस्त्यावरची रामवाडी. पोप तेरावे लिओ यांच्या पुढाकाराने १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडी इथे सुरू झालेली सेमिनरी १९५५ मध्ये तिथे हलवण्यात आली. ज्ञानदीप विद्यापीठ हे तिच्याशी जोडलेलं अध्यापनपीठ. शेजारच्या जेझुइट महाविद्यालयाला सतराव्या शतकात मदुराईत संस्कृत शिकलेल्या रोबेर्तो दे नोबिली यांचं नाव आहे.

प्रबंधाचा गाभा असा. विसाव्या शतकातल्या अनेक आधुनिक लेखकांचा कल आचार्यांना शुद्ध बुद्धिवादी ठरवण्याकडे होता. डी स्मेट यांनी भाष्यं मूळ संस्कृतातून वाचली आणि दाखवून दिलं की ब्रह्माच्या बाबतीत आचार्यांचं प्रमाण श्रुती हेच आहे. तर्क लागतो तो श्रुतीचा अर्थ लावायला, पूर्वपक्ष खोडायला, परस्परविरोधी वाटणाऱ्या वचनांचा समन्वय साधायला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस बायबल समोर ठेवून हेच करत होते. दोघांपुढची अडचणही सारखीच: मर्यादित शब्दांनी अमर्याद कसं सांगायचं? तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्यात आचार्य लक्षणेचा, म्हणजे शब्दाच्या वाच्यार्थापलीकडच्या अर्थाचा, आधार घेतात, तर अक्वायनस सादृश्याचा.

हा प्रबंध डी स्मेट यांच्या हयातीत ग्रंथरूपात आला नाही. तरी प्रतींवरून तो अभ्यासकांमध्ये वाचला गेला.

डी स्मेट यांचा दुसरा मुद्दा अधिक धाडसी होता. ख्रिस्ती ईश्वर व्यक्तिरूप आणि निर्गुण ब्रह्म व्यक्तित्वहीन, तेव्हा दोन्ही परंपरांचा मेळ बसणं अशक्य, अशी समजूत रूढ होती. त्यांनी तिच्या मुळाशी जाऊन पाहिलं. व्यक्तित्वाची ही कल्पना चर्चच्या पहिल्या काही शतकांत त्रैक्य आणि ख्रिस्त यांच्याविषयीच्या वादांतून घडली. शरीर, आकार किंवा मर्यादा तिला अभिप्रेतच नव्हत्या. स्वतःच्या आधाराने असणारी, जाणणारी सत्ता एवढाच तिचा आशय. मग जे स्वयंसिद्ध आहे, चैतन्यच आहे, त्या ब्रह्माला व्यक्तित्वहीन का म्हणावं? हे सगळ्याच वेदान्त अभ्यासकांना पटलं नाही. पण चर्चा एका भक्कम पायावर आली.

ती पुढे नेणाऱ्यांमध्ये सिस्टर सारा ग्रँट ठळकपणे दिसतात. मूळच्या ब्रिटनच्या या संन्यासिनीने आचार्यांच्या संबंधविचारावर प्रबंध लिहिला. जग ब्रह्मावर पूर्णतः अवलंबून आहे, ब्रह्म मात्र जगावर अवलंबून नाही. असा एकतर्फी संबंध आचार्य आणि अक्वायनस दोघांच्याही विचारात आढळतो, हे त्यांनी मांडलं. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्या राहत, तिथली प्रार्थना आणि हा अभ्यास हातात हात घालून चाले. १९८९ साली केंब्रिजच्या व्याख्यानमालेत त्यांनी स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हणवून घेतलं.

या क्षेत्राला कुंपणंही आहेत. श्रद्धा आणि नीतीचे विषय शिकवायला चर्चची अधिकृत मान्यता लागते आणि लिखाणाची चौकशी होऊ शकते. मुंबईत जन्मलेले, पुणे-लोणावळ्यात साधना केंद्र चालवणारे फादर अँथनी डिमेलो १९८७ साली वारले. त्यांच्या काही मतांवर व्हॅटिकनने १९९८ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, जाहीर आक्षेप घेतला. स्वतंत्र बुद्धी आणि संस्थेवरची निष्ठा यांचा हा ताण इथल्या प्रत्येक अभ्यासकाला पेलावा लागतो. तो पेलूनही डी स्मेट आणि ग्रँट यांनी जे काम केलं, त्याची थोरवी म्हणूनच अधिक वाटते. दुसऱ्याचा ग्रंथ त्याच्या भाषेत आणि त्याच्याच प्रमाणांनी वाचायचा, आणि आपली श्रद्धा न लपवता वाचायचा, ही शिस्त दुर्मीळ आहे.

मराठीशी या कामाचा थेट संबंध आहे. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली १९७४ साली निघालेल्या ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’च्या तीन खंडांत डी स्मेट यांच्याही नोंदी आहेत. त्यांचे शंकराचार्यांवरचे लेख मात्र प्रामुख्याने इंग्रजीतच राहिले आहेत. तत्त्वज्ञानाच्या मराठी प्राध्यापकांनी आणि प्रकाशकांनी ते मराठीत आणण्याचं काम आता हाती घ्यायला हवं.